25 बाय 40 चा प्लॉट, लातूर: नकाशा फक्कीनं आखून पाहिला आणि आता पुन्हा विचार करतेय

औशाची लेक

नमस्कार मंडळी. लातूरला बार्शी रोडच्या अंगाला आमचा 25 बाय 40 चा प्लॉट आहे, पूर्वेला रस्ता. भाड्याच्या घरात बरीच वर्षं काढून आता बांधायला काढलंय. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि अकरावीतली मुलगी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. ह्यांचं शेत गावाकडं, रोजचं जाणं-येणं.

इंजिनियरनी दिलेला नकाशा असा. पुढं आठ फूट, मागं चार फूट, उजव्या अंगाला तीन फूट सोडून 22 बाय 28 चं बांधकाम. डावीकडं शेजाऱ्याची भिंत, तिकडून उजेड नाही. आत गेलं की डाव्या हाताला 10 बाय 13 चा हॉल, मग तीन फुटी पॅसेज, मग 10 बाय 10 ची बेडरूम. उजव्या हाताला पुढं जिना 6 बाय 10, मधी दुसरी बेडरूम 10 बाय 10, आणि मागच्या पट्ट्यात साडेपाच बाय साडेनऊचं स्वयंपाकघर. त्याला लागून चार फुटी संडास-बाथरूम, त्याचं दार स्वयंपाकघरात. कागदावर छान दिसतं. हे तर लगेच हो म्हणाले.

माझं मन मात्र मानेना. दिवाळीच्या सुट्टीत मिस्त्रीकडून फक्कीची, म्हणजे रेघा आखायच्या पांढऱ्या भुकटीची, पिशवी आणली आणि मुलीला घेऊन अख्खा नकाशा प्लॉटवर खऱ्या मापानं आखला. दारं सोडली, खिडक्यांच्या जागी विटा ठेवल्या. घरून बाज नेली, एक रिकामी कोठी नेली, सासूबाईंना रिक्षातून आणलं. दोन संध्याकाळी आम्ही त्या रेघांमधून फिरलो.

बेडरूममध्ये पलंग आणि कपाट मांडलं की दाराचा पल्ला कपाटाला लागतो. तीन फुटी दार उघडायला सात चौरस फूट जागा खातं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पॅसेजची तीस चौरस फूट नुसती चालायला, तीही अंधारी. स्वयंपाकघरात ओटा धरला तर खाली अडीच-तीन फूट उरतात. सासूबाई खाली बसून भाकरी थापतात, गुडघे दुखत असले तरी त्यांना ओट्याजवळ उभं राहून जमत नाही. त्या बसल्या की मागून कुणी जाऊ शकत नाही. आणि रात्री त्यांना खोलीतून संडासात जायचं तर पॅसेज, मधली खोली, स्वयंपाकघर असा फेरा. त्या रेघांवरून दोनदा चालल्या आणि बाजेवर बसून म्हणाल्या, "पोरी, हे घर पाहुण्यासाठी बांधायलीस का आपल्यासाठी?"

कोठीला तर जागाच सापडली नाही. आमच्याकडं तीन कोठ्या आहेत, शाळू, गहू आणि तुरीची डाळ. शिवाय बियाण्याच्या बॅगा, कुरडया-पापडाचे डबे आणि वाकळांची चळत. पाण्याचंही तेच. नळ किती दिवसांनी येईल त्याचा भरवसा नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा आमच्या भाड्याच्या घरात हॉलमध्ये पाच पिंपं उभी होती, त्यांच्यामधून मुलगी अभ्यासाला बसायची. नव्या घरातही पिंपं हॉलमध्येच येणार असतील तर मला ते बघवणार नाही.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. नऊ खणांचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं. दारातून आत आलं की ढाळज, म्हणजे दाराजवळची मोकळी बसायची जागा. सकाळी तिथं वडील गावकऱ्यांशी बोलत बसायचे, दुपारी आई शेंगा फोडायची, पाऊस आला की भिजायला नको म्हणून धान्याची पोती तिथंच, आणि रात्री पाहुण्यांची अंथरुणं. एवढ्याशा जागेत चार कामं व्हायची, कारण तिथं काही कायमचं मांडलेलं नव्हतं. मला माळवद परत नकोय. पण 616 चौरस फुटांत चार माणसं, वर्षाचं धान्य आणि आठवड्याचं पाणी नीट मावावं एवढंच मागणं आहे. बांधकाम वाढवायचं नाही, पैसेही नाहीत. आहे त्याच चौकटीत काय बदलता येईल?

---

निवृत्त ओव्हरसिअर, परभणी

ताई, फक्कीनं आखून चाललात हे फार चांगलं केलंत. मी नोकरीत असताना लोकांना हेच सांगायचो, कुणी ऐकायचं नाही.

सगळ्यात आधी इंजिनियरला एकच विचारा: घर कॉलमवर आहे की भिंतींवर? कॉलमवर असेल तर आतल्या भिंती हलवता येतात. भिंतींवर स्लॅब बसणार असेल तर एकही भिंत आपल्या मनानं काढू नका. लातूर-किल्लारीचा भाग 1993 पूर्वी भूकंपाच्या झोन 1 मध्ये धरत, 2002 च्या मानकात तो जास्त धोक्याच्या झोन 3 मध्ये आला. म्हणजे कॉलम-बीमची जागा आता ठरवायची आणि नंतर तिला हात लावायचा नाही.

आता जागेचं. 22 बाय 28 ला चारी बाजूंनी नऊ इंची भिंत धरली तर 73 चौरस फूट भिंतीतच जातात. हे कमी होत नाही आणि पश्चिमेला करूही नका. मे महिन्यात 42-43 अंशांत दुपारनंतरचं ऊन त्याच भिंतीवर येतं. आतल्या भिंती मात्र चार इंची पुरतात.

पॅसेज काढून टाका, हॉल त्यात वाढवा, 10 बाय 16 होईल. मग मागच्या खोलीचा, संडास-बाथरूमच्या पट्ट्याकडचा, तीन बाय तीनचा कोपरा कापा. त्या नऊ चौरस फुटांत दोन दारं समोरासमोर येतील, एक खोलीचं, एक संडासाचं. तीसच्या जागी नऊ फुटांत काम झालं, संडासाचं दार स्वयंपाकघरातून निघालं आणि सासूबाईंना तीन पावलं पडली. न्हाणी वेगळी करून तिचं दार मागच्या बाजूला घ्या.

जिना आहे तिथंच राहू द्या, पण त्याची वाट बाहेरून करा. दहा फूट उंचीला 18 पायऱ्या, नऊवर वळण. पहिल्या नऊखाली फारसं काही मिळत नाही. वळून वर जाणाऱ्या नऊखाली स्लॅबची जाडी सोडून साडेचार फुटांपासून साडेनऊपर्यंत उंची मिळते, रुंदी पावणेतीन फूट. फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, पाण्याची मोटर, सगळं तिथं. त्याला बाहेरून दार.

पाण्याला हौद, पुढच्या मोकळ्या जागेत, गाडीखाली. आतून 6 बाय 6, खोली साडेपाच फूट. 5,000 लिटरचा टँकर पूर्ण रिकामा होतो आणि वर अर्धा फूट राहतो. कॉलमच्या पायापासून लांब घ्या. आणि सेप्टिक टँक घराच्या मागच्या टोकाला, हौदाच्या आसपाससुद्धा नको.

---

उमरगा तालुका

ताई, तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचून माझी आजी आठवली म्हणून लिहिते.

मी 30 सप्टेंबर 1993 ला नऊ वर्षांची होते. गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात गाव बसलं. आमचं घर मोठ्या दगडांचं, दोन-अडीच फुटी भिंती, चिखलात बांधलेल्या, वर मातीचं माळवद. त्या मातीखाली माझा काका गेला. म्हणून जुनी घरं किती छान होती असं कुणी लिहिलं की मला आधी त्या भिंती दिसतात. ढाळजेची सवय चांगली, माळवदाचं ओझं वाईट. तुम्ही दोन्ही वेगळं धरलंय, हे बरं वाटलं.

पुढं पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी बसली. जमिनीप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. आमच्या वाट्याला 400 चं. पक्कं होतं, त्याबद्दल आजही हात जोडते. पण नकाशा शहरातला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आतच मोरी. चूल कुठं, जनावर कुठं, कडबा कुठं, याचं उत्तर त्यात नव्हतं. शिवाय आजीला स्लॅबखाली झोपच यायची नाही. पहिली दोन वर्षं आम्ही पुढं पत्रा टाकून त्याच्याखाली झोपलो.

तो भीतीनं टाकलेला पत्राच पुढं आमच्या घराची खरी खोली झाला. आज तिथं भिंत आहे, फरशी आहे, आणि दिवसातले बारा तास सगळे तिथंच. मागं चुलीसाठी आडोसा केला. आतल्या दोन्ही खोल्यांत धान्य नि कपाटं. आजूबाजूच्या घरांत थोड्याफार फरकानं हेच झालंय. फिरून बघितलं तर सरकारी घर मधी आणि लोकांनी आपल्या हातानं जोडलेलं घर त्याच्या भोवती.

म्हणून माझं सांगणं एवढंच, तुम्ही दोन वर्षांनी जे जोडणार आहात ते आत्ताच नकाशात घ्या. मागच्या चार फुटांत चूल येणारच, तुम्ही नाही म्हणालात तरी सासूबाई मांडतील. तिथं आत्ताच पाण्याचा नळ आणि उताराची फरशी करा. आणि मधली मोठी चौकोनी खोली स्वयंपाकघराला द्या. आपल्याकडं बाईचा दिवस तिथं जातो, पाहुणा हॉलमध्ये अर्धा तास बसतो.

---

उदगीर रोड

मला दुसरी बाजू मांडायचीय. मधली बेडरूम काढली तर कागदावर घर एक बेडरूमचं होईल. उद्या विकायची वेळ आली तर भाव पडतो, हे मी माझ्या भावाच्या घराच्या वेळी बघितलंय. आणि अकरावीतल्या मुलीला दार लावून बसायला खोली पाहिजे. बारावीचं वर्ष तोंडावर आहे. स्वयंपाकघर मोठं करताना तिचं काय, याचा विचार करा.

---

गवंडीकाम, नांदेड

मॅडम, माझ्या हातानं केलेल्या कामांवरून सांगतो.

आतल्या चार इंची भिंतीत कोनाडा करू नका, मागून भिंत फुटती. कप्पे पाहिजेत तर नऊ इंचीत ठेवा. आणि भिंत चढतानाच सांगा, नंतर फोडायला लावू नका. सव्वा-दीड फूट खोलीचे कडप्प्याचे कप्पे साडेचार इंच भिंतीत आणि बाकी बाहेर असे बसवता येतात. कडप्पा वजनाला भारी, म्हणून चार फुटांच्या वर लांबी असली की मधी उभा टेकू द्याच.

माळा सात फुटांवर घ्या, दोन फूट खोल. त्याच्यापेक्षा खोल माळ्यावर मागची वस्तू वर्षानुवर्षं हाताला येत नाही. बायका खुर्चीवर चढून ओढतात आणि पडतात, मी बघितलंय. कोठ्या जमिनीवर टेकवू नका. चार इंची ओटा करा, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे ओल लागत नाही, झाडूपण फिरतो.

---

औशाची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी परत फक्की टाकली. जुन्या रेघा पायानं पुसल्या आणि परभणीच्या ओव्हरसिअर काकांनी सांगितल्याप्रमाणे आखलं.

घर कॉलमवरच आहे, विचारलं. इंजिनियर आधी थोडे नाराज झाले, पण तीन बाय तीनचा कोपरा दाखवल्यावर स्वतःच पेन्सिल घेऊन बसले. आता असं धरलंय: हॉल 10 बाय 16. मागची खोली सासूबाई आणि मुलीची, कोपऱ्यातून संडास समोर. सासूबाई बाजेवरून उठून चालल्या, मुलीनं मोजलं, सात पावलं. आधी तेवीस होती. मधली 10 बाय 10 ची खोली स्वयंपाकघर. तीन फुटी बोळाकडं मोठी खिडकी येते, उजेड चांगला आहे. सासूबाई मधोमध बसल्या, मी ओट्याशी उभी राहिले, मुलगी दोघींच्या मधून पाण्याचा तांब्या घेऊन गेली. अडलं नाही.

आधीचं अरुंद स्वयंपाकघर आता कोठीची खोली. ती पश्चिमेला, म्हणजे ऊन धान्यावर येईल, माणसांवर नाही. तिथून न्हाणीचं दार आणि मागं जायचं दार. तिला सरकतं दार करणार, पल्ल्याचे फूट वाचतील. उमरग्याच्या ताई, मागं चुलीची जागा, नळ आणि उताराची फरशी नकाशात लिहून घेतली. सासूबाईंना सांगितलं तर त्या काही बोलल्या नाहीत, पण घरी जाताना रिक्षात दोनदा विचारलं, "धुराडं उंच घेतील ना?"

उदगीर रोड भाऊ, तुमचा मुद्दा टाळणार नाही. मुलीला विचारलं. ती म्हणाली, आजी नऊला झोपते, मला पहाटे चारला उठून वाचायला आवडतं, तेव्हा स्वयंपाकघरातच बसेन. त्यामुळं तिथल्या खिडकीखाली दीड फूट खोलीचा कडप्पा टेबलाच्या उंचीला घेतलाय, दिव्याचा पॉइंट वर. विक्रीचा भाव पडेल तर पडू दे. हे घर मी विकायला बांधत नाही. कॉलम मात्र वरच्या मजल्याचं वजन धरून घेणार, दुसरी बेडरूम पैसे जमतील तेव्हा वर.

आमच्या दोघांच्या झोपण्याचं अजून ठरलेलं नाही. हॉलच्या आतल्या टोकाला, कोपऱ्याची वाट सोडून डाव्या भिंतीशी साधारण साडेसहा बाय सहाची जागा निघते. कपाटं आडवी लावून आडोसा करायचा, की दिवसा वाकळा माळ्यावर आणि रात्री अंथरूण? हे म्हणतात कपाट. मला वाटतं, कपाट लावलं की हॉलची खिडकी एकच असल्यानं आतला भाग कोंदट होईल. कुणी हॉलमध्ये असा आडोसा केलेला असेल तर उन्हाळ्यात रात्री वारं कसं लागतं तेवढं सांगा. पुढच्या सोमवारी नकाशा परवानगीला द्यायचाय.