कमोडची टाकी गळतेय? आपापले अनुभव लिहा

प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणाला की तो उद्या कधी उजाडेल याचा नेम नाही. तोवर पाणी झिरपतंय ते झिरपतंयच. म्हणून हा धागा. टाकी, अँगल कॉक (टाकीचं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा नळ), बुडाचा सांधा, खालच्यांच्या छतावरची ओल, काय गळत होतं आणि कसं थांबवलंत ते लिहा. गळती नेमकी कुठली हे कसं ओळखलंत, ते मात्र जरूर लिहा. ते न बघता सुटे भाग बदलले की पैसे जातात आणि पाणीही.

सुरुवात मीच करते. टाकीतलं पाणी कमोडमध्ये साधारण दोन वाटांनी जातं. बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगत्या गोळ्याचा नळ, वेळेवर बंद झाला नाही तर ते ओव्हरफ्लोच्या नळीत पडतं. झाकण उचललं की दिसतं. पातळी नळीच्या तोंडाखाली असूनही आत बारीक धार असेल, तर फ्लश व्हॉल्व्हखालचं (फ्लश केलं की टाकीतलं पाणी सोडणाऱ्या भागाखालचं) रबर बघा. मी जिलबीचा रंग चिमूटभर टाकीत टाकला आणि अर्धा तास कुणाला फ्लश करू दिलं नाही. कमोडमधलं पाणी केशरी! अँगल कॉक बंद करून व्हॉल्व्ह फिरवून काढला, तर रबराच्या कडेला नखाने जाणवेल अशी चीर होती. नवीन घ्यायला जाताना जुनं रबर सोबत न्या, मापं कंपनीगणिक वेगळी असतात.

छत्रपती संभाजीनगर : आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे सगळा खेळ क्षारांचा. बॉल कॉकच्या तोंडाशी पांढरा खडा अडकतो आणि पाणी थांबत नाही. भाग सुटा करून लिंबाचं फूल घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवते, सकाळी जुन्या टूथब्रशने घासते. टाकीत ॲसिड ओतायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका. रबरं खराब होतात.

डोंबिवली : खालच्या काकू छत दाखवायला घेऊन गेल्या, आणि आवाज असा की मीच मुद्दाम पाणी सोडलंय. मी आमच्या संडास-बाथरूमचे सगळे कॉक बंद केले आणि दोन दिवस भावाकडे राहिलो. ओल तशीच! आमच्या वरच्यांनी फ्लश केलं की थोड्या वेळाने काकूंच्या छतावर थेंब जमायचा. सोसायटीच्या उभ्या पाइपचा सांधा फुटला होता. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सामाईक पाइपचा खर्च सोसायटीचा आणि घरातल्या संडासाची गळती सभासदाची. त्यामुळे आधी हे ठरवा, मग भांडा. काकू आता बोलतात, पण छताबद्दल नाही.

न्यू जर्सी : इथे कमोडच्या बुडाशी मेणाची रिंग असते. कमोड हलायला लागला की ती दबते आणि फ्लश केल्यावर फरशीवर पाणी येतं. बोल्ट आवळून भागलं नाही, रिंग बदलावीच लागली. कमोड उचलला की जुनी रिंग पुन्हा वापरू नये. खरवडून काढताना मेण हाताला, कपड्यांना, सगळीकडे चिकटतं. प्लंबरची मजुरी ऐकली की ते काही वाटत नाही.

नाशिक : जेट स्प्रेचा कॉक वापरून झाला की बंद करा. नळीवर सतत दाब राहिला की एक दिवस ती फुटते, आणि ती नेमकी तुम्ही गावाला गेल्यावर.

पुणे : भिंतीतली टाकी गळली म्हणून टाइल्स फोडायला लगेच परवानगी देऊ नका. आमचा प्लंबर छिन्नी घेऊनच आला होता. बटणांची प्लेट काढली की त्याच खिडकीतून आतले भाग बहुतेक वेळा निघतात. मॉडेलचा नंबर आतल्या स्टिकरवर असेल तर मोबाइल आत घालून फोटो काढा, डोकं काही जात नाही.