बाबांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलंय, कुठलं तेल आणू? (बजेट महिना ९०० रुपये)

रुपा_सातारा: बाबा ६१ वर्षांचे. परवाच्या रिपोर्टात एलडीएल १६८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि 'तेलकट कमी करा' एवढंच सांगितलं. घरात चौघं, महिन्याला रिफाइंड सोयाबीनचा ५ लिटरचा कॅन संपतो. तेल बदलावं का? ९०० च्या वर खरंच जमणार नाही.

घाणाप्रेमी: लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, दुसरा विचारच नको. आम्ही दोन वर्षं तेच आणतो, ३२० रुपये लिटर. फोडणी टाकली की शेजारी विचारतात काय केलंय.

सोलापूरकर: ताईंनी ९०० सांगितलेत हो. करडई घ्या. आमच्याकडे आजोबांपासून करडईच. संतृप्त स्निग्धं (सॅच्युरेटेड फॅट) अगदी थोडी, म्हणून एलडीएलला बरं.

घाणाप्रेमी: करडई तरी ९०० त कुठे बसते पाच लिटर?

गावची_सून: साजूक तूप खाऊ द्या त्यांना. मी बाळंतपणापासून रोज दोन चमचे खाते, माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.

आहारवर्ग: तुमचे रिपोर्ट चांगले आहेत याचा आनंद आहे, पण बाबांचं एलडीएल वाढलेलं आहे. तुपात निम्म्याहून जास्त संतृप्त स्निग्ध, खोबरेलात तर जवळपास ९० टक्के. ही जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही. आणि पाकिटावरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री'ला जास्तीचे पैसे मोजू नका. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल मोजण्याइतकं नसतं.

बांगडा_फ्राय: खोबरेलाला नावं ठेवू नका. आमचे आजोबा मालवणात ९१ वर्षं जगले, रोज नारळ.

आहारवर्ग: रोज बांगडा आणि तारलीही खात असतील ना? त्यातलं ओमेगा-३, म्हणजे हृदयाला चांगलं स्निग्ध, विसरू नका. शाकाहारी घरात जवसाची चटणी करा.

विदर्भवासी: जवसाला +१. आमच्याकडे भाकरीबरोबर रोज असते. जवस भाजून कुटायचं, अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं. आणि तेल घाण्याचंच घ्या.

नितळ: एक कळकळीने सांगते, तेल पूर्ण बंद करू नका. मी चार महिने केलं. सगळं उकडलेलं. अंगाची साल निघायला लागली, दुपारी चारला भूक इतकी की बिस्किटांचा पुडा संपायचा. ट्रायग्लिसराइड कमी व्हायचं सोडून वाढलं. नंतर कळलं की मैदा-साखरेनेही ते चढतं. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय अंगी लागत नाहीत, आणि तेलातली लिनोलेइकसारखी स्निग्ध आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत.

हिशोबी_काका: रुपाताई, तेल बदलण्याआधी आकडे बघा. ५ लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर. चौघांत, ३० दिवसांत, माणशी रोज ३८ ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ३४० च्या वर कॅलरी नुसत्या फोडणीतून. भाजीवर तरंगणारा कट आधी कमी करा. तळणीचं उरलेलं तेल आमच्या घरी आठवडाभर फिरायचं, तेही बंद करा.

घाणाप्रेमी: काका, तेल चांगलं असेल तर जास्त झालं तरी बाधत नाही.

हिशोबी_काका: बाधतं. घाण्याच्या तेलातही ग्रॅमला ९ कॅलरीच असतात.

रुपा_सातारा: सगळ्यांचे मनापासून आभार. खूप विचार केला आणि तेल तेच ठेवलंय, सोयाबीन. बाबांना दुसरा वास चालत नाही, आणि त्यात थोडं ओमेगा-३ असतंच असं वाचलं. फक्त कॅन बंद, एक लिटरच्या तीन पिशव्या आणल्या. काचेच्या बाटलीवर मार्करने चार रेघा मारल्यात, आठवड्याला एक रेघ. आई कढईपाशी बाटली उजेडात धरून बघते. उरलेल्या पैशांत अर्धा किलो जवस आणलं. तीन महिन्यांनी रिपोर्ट इथे टाकते.

विदर्भवासी: जवस मंद आचेवर भाजा, तडतडलं की लगेच उतरवा.

घाणाप्रेमी: एकदा तरी घाण्याचं आणून बघा.