नववी-दहावीच्या जागेला टीईटी लागते का?

कागलची_गणितवाली
नमस्कार. मी बी.एस्सी. (गणित), बी.एड., दोन्ही शिवाजी विद्यापीठातून. टेट (शिक्षकभरतीची अभियोग्यता परीक्षा) दिली आहे, पण टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन ८१ गुणांवर अडकला, पास झाले नाही. एका अनुदानित हायस्कूलमधून निरोप आलाय, "जागा नववी-दहावीची आहे, टीईटी लागत नाही. आत्ता रुजू व्हा, मान्यतेचं नंतर बघू." घरचे म्हणतात हातची जागा सोडू नको. काय करू? आणि डॉक्टरांची असते तशी शिक्षक म्हणून कुठं नोंदणी करावी लागते का?

निवृत्त_मुख्याध्यापक
ताई, निव्वळ नववी-दहावीच्या पदाला टीईटी लागत नाही हे खरं. पदवी, बी.एड. आणि भरतीसाठी टेट. पण आपल्याकडची बहुतेक हायस्कुलं पाचवी ते दहावीची. तोंडी नववी-दहावी सांगतात आणि कागदावर पद सहावी ते आठवीच्या गटातलं निघतं. तिथं पेपर दोन हवाच. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयानं पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. म्हणून आधी शाळेची संचमान्यता, म्हणजे सरकारनं मंजूर केलेल्या पदांचा कागद, बघायला मागा. त्यात गटवार पदं छापलेली असतात.

डॉक्टरांसारखी परिषद आपल्याला नाही. पवित्र पोर्टल, म्हणजे सरकारची शिक्षकभरतीची वेबसाइट, तिथली नोंदणी भरतीपुरती. नेमणूक संस्था देते, वैयक्तिक मान्यता, म्हणजे त्या नेमणुकीला सरकारी मंजुरी, शिक्षणाधिकारी (माध्यमिक) देतात, मग शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक. तो मिळेपर्यंत सरकारी पगार सुरू होत नाही.

"मान्यतेचं नंतर बघू" या शब्दावर रुजू होऊ नका, हे कळकळीनं सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एक बाई दहावीला भूमिती फार सुंदर शिकवायच्या. पिशवीत कायम प्लास्टिकची फाईल : नेमणूक आदेश, रुजू अहवाल, संस्थेचा ठराव, सगळं शिक्क्यासकट. मान्यता आदेश तेवढा नव्हता. वर्षानुवर्षं राबल्या, हातात संस्था देईल ते. शेवटी शिकवणीवर घर चालवलं. असं कुणाच्याही लेकीच्या वाट्याला येऊ नये.

शिक्षणसेवक_गडहिंग्लज
सरांशी सहमत. अनुदानित जागेची जाहिरात पवित्रवर आहे का ते आजच बघा. 'मुलाखतीसह' असेल तर मुलाखत संस्था घेते, पण उमेदवारांची यादी पोर्टलवरूनच येते. थेट बोलावलंय म्हणजे मान्यता अडकणार. मला शिक्षणसेवक म्हणून माध्यमिकला महिना १८,००० मानधन आहे, अशी तीन वर्षं काढायची आहेत, पण मान्यता आदेश हातात आहे, झोप लागते. टीईटीऐवजी सीटीईटीचा (केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोनही चालतो, तोही भरून ठेवा.

कागलची_गणितवाली
पोर्टलवर या शाळेची जाहिरात दिसत नाही. सोमवारी जाऊन संचमान्यता मागते.

निवृत्त_मुख्याध्यापक
मागा. आणि दाखवली नाही तर तिथंच नको म्हणून या. घरच्यांना समजवायला अडचण आली तर मी बोलतो त्यांच्याशी.