वांग्याला मंजुरी देताना खाणाऱ्याला विचारायचं की नाही?

भरीतप्रेमी:
मे 2025 मध्ये केंद्राने जीनोम एडिटिंग केलेल्या, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेल्या, भाताच्या दोन जाती जाहीर केल्या, कमला आणि पुसा डीएसटी राइस 1. बाहेरचा जीन (जनुक) घातलेला नाही म्हणून जीएमच्या, म्हणजे दुसऱ्या जीवाचा जीन घातलेल्या पिकांच्या, कडक नियमांतून सूट, ती 2022 लाच देऊन ठेवलेली. ठीक आहे, मी काही जीएमच्या नावाने बोटं मोडणाऱ्यातला नाही, पण खाणार मी आणि मला कुणी विचारलं का? 2009 च्या ऑक्टोबरमध्ये जीईएसीने, म्हणजे जीएम पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीने, बीटी वांग्याला (अळी मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या) हिरवा कंदील दिला तेव्हा जयराम रमेश पर्यावरण मंत्री होते, त्यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, आमच्या नागपुरातही झाली, आणि 9 फेब्रुवारी 2010 ला स्थगिती दिली. निर्णय पटो न पटो, विचारलं तरी. त्यानंतर तशी पद्धतच पडली नाही. माझं म्हणणं, खाण्याच्या पिकाला मंजुरी द्यायच्या आधी सुनावणी सक्तीची करा.

लॅबकोट:
म्हणजे विज्ञान हात वर करून ठरवायचं? त्या सुनावण्यांत कोण किती मोठ्याने ओरडतो यावरच सगळं चाललं होतं. आपण वांगं अडवलं आणि बांगलादेशने तेच तंत्रज्ञान 2013 ला मंजूर करून 2014 पासून शेतात लावलं. तंत्रज्ञान कुणाचं, तर आपल्या जालन्याच्या महिको बियाणे कंपनीचं! बीटी वांग्यातलं क्राय1एसी प्रथिन अळीच्या आतड्यात काम करतं, माणसाच्या नाही, हे चाचण्यांतून तपासायचं असतं, मतदान घेऊन नाही.

भरीतप्रेमी:
मतदान कोण म्हणालं? आणि त्याच चाचण्यांचा डेटा लोकांसमोर यायला माहितीच्या अधिकारात भांडावं लागलं होतं. झाकून ठेवायचं आणि वर म्हणायचं, लोकांना काही कळत नाही!

वऱ्हाडी_कास्तकार:
राजेहो, तुमचं शहरातलं भांडण चालू द्या, पण वांग्यावर किती फवारे बसतात हे गिऱ्हाईक कधी विचारते का? शेंडा अन् फळ पोखरणारी अळी एकदा घुसली की वरून औषध मारून तिच्या अंगाला लागतच नाही, ती आत बसलेली. मग माणूस आज एक औषध, चार दिवसांनी दुसरं, अन् तोडा तर थांबत नाही, फवारा मारला की एक-दोन दिवसांत माल मंडीत. ते तुम्ही भरताला भाजून खाता, त्याची सुनावणी कधी झाली? 2019 च्या जूनमध्ये आमच्या अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं उघडपणे एचटीबीटी कपाशी, म्हणजे तणनाशक सहन करणारी, मंजुरी नसलेली, लावली, गुन्हे दाखल झाले. आम्ही बियाणं मागतो तर जेलची भीती, अन् तुम्हाला खाण्याआधी विचारलं पाहिजे!

भरीतप्रेमी:
दादा, फवाऱ्याचंही विचारायलाच पाहिजे, ते माझ्या बाजूचंच झालं की.

वऱ्हाडी_कास्तकार:
तुमच्या बाजूचं नाही. तुमच्या सुनावणीत उशीर झाला त्याचे फवारे आम्ही मारतो, तोंडाला फडकं बांधून. 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली ते विसरले काय सगळे.

सुगरण_ठाणेकर:
एक विचारू का, सगळे म्हणतात लेबल लावा आणि गिऱ्हाइकाला ठरवू द्या. पाकिटावर हिरवा ठिपका असतो तसं. पण वांगी मी हातगाडीवरून घेते, पावशेर मागितली तर भाजीवाला दोन हिरव्या मिरच्या वर टाकून देतो, लेबल कुठे चिकटवणार, देठाला? सुट्या भाजीत माझ्याकडे निवड उरतच नाही, त्यामुळे विचारायचं तर आधीच. तांदळाचंही निम्म्या घरांत तेच, किराणावाल्याच्या पोत्यातून.

लॅबकोट:
लेबलचा मुद्दा मान्य, सुट्या मालात ते जमणार नाही. पण मग सरकीच्या तेलाचं काय? बीटी कापूस 2002 पासून आहे, आता देशातला 90 टक्क्यांहून जास्त कापूस तोच. त्याच सरकीचं तेल फरसाणात, पेंड म्हशीला, दूध तुमच्या चहात. तेव्हा कुणी विचारलं नाही म्हणून काय बिघडलं?

भरीतप्रेमी:
कापूस म्हणून मंजुरी घेतली आणि मागच्या दाराने ताटात आला, यालाच तर मी आक्षेप घेतोय. बिघडलं नाही हे तुम्ही आज सांगताय, 2002 ला सांगायला हवं होतं, आम्हाला कळेल अशा भाषेत. आणि सुप्रीम कोर्टही तेच म्हणालंय ना, जीएम मोहरीच्या केसमध्ये जुलै 2024 ला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, पण राष्ट्रीय धोरण करा आणि सगळ्या संबंधितांशी बोला यावर झालं.

वऱ्हाडी_कास्तकार:
बोला ना, आम्ही कुठं नाही म्हणतो. फक्त सुनावणी अकोल्याला, जळगावला घ्या, मराठीत घ्या, अन् पेरणीच्या दिवसांत ठेवू नका. अन् स्थगिती दिली तर किती वर्षांची ते कागदावर टाका. 2010 ची स्थगिती अजून चालूच आहे, ना हो ना नाही.

लॅबकोट:
मुदत असेल तर माझा विरोध बराच कमी होईल. पण लोकांनी प्रश्न विचारावेत, नकाराधिकार नको.

भरीतप्रेमी:
नकाराधिकार मीही मागत नाही. पण प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर दिल्याशिवाय मंजुरी नाही, एवढं तरी हवं.

लॅबकोट:
एकच प्रश्न हजार जणांनी पाठवला तर?

सुगरण_ठाणेकर:
मग एकच उत्तर हजार जणांना पाठवा, व्हॉट्सॲपवर तर तेच चालतं.