शब्दचर्चा : ‘डायइलेक्ट्रिक अ‍ॅनिसोट्रॉपी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी एलसीडीवर मराठीतून टिपणं लिहितोय. नेमॅटिक द्रवस्फटिकांच्या माहितीपत्रकात तीन संज्ञा हमखास येतात : डायइलेक्ट्रिक अ‍ॅनिसोट्रॉपी, थ्रेशोल्ड व्होल्टेज आणि व्होल्टेज होल्डिंग रेशो. पहिलीला ‘विद्युत विषमदिकता’ म्हटलं तर चालेल का? शिवाय हाताशी असलेल्या एका जुन्या टिपणात ‘द्रवस्फटिकातून वीज वाहू लागली की रेणू उभे राहतात’ असं वाक्य आहे. तेच पुढे वापरावं का?

प्रतिसाद

‘विद्युत विषमदिकता’ नको, कारण नेमॅटिकमध्ये दिशेनुसार बदलणारे विद्युत गुणधर्म दोन आहेत : वाहकता आणि अपारकता (परमिटिव्हिटी, म्हणजे विद्युतक्षेत्रात पदार्थातले भार किती सरकतात त्याचं माप). तुमच्या शब्दातून यातला कुठला ते कळत नाही, आणि पडद्यावर तर दोघांची कामं अगदी निराळी असतात. माझी सूचना : ‘अपारकतेतला दिशाभेद’. भाषा साधी आहे, पण मुलांना पहिल्याच वाचनात अर्थ लागतो.

आता अर्थ. नेमॅटिकचे रेणू लांबट असतात. ते द्रवासारखे वाहतात, पण सरासरीनं एकाच दिशेला लागलेले असतात. त्या दिशेला डायरेक्टर म्हणतात. त्याला शेंडा-बुडखा नसतो. दोन्ही टोकं सारखीच. हे तिथल्या तिथे सांगून टाका, पुढे लागणार आहे. या दिशेला समांतर विद्युतक्षेत्र लावून अपारकतेचा अंक मोजला तर एक आकडा येतो, आडवं लावून मोजला तर दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा केला की हा दिशाभेद मिळतो.

इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटानं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेलं ५सीबी हे संयुग घ्या. खोलीच्या तापमानाला समांतर आकडा साधारण १८, आडवा साधारण ७, म्हणजे दिशाभेद अकराच्या आसपास आणि धन. रेणूच्या टोकाला असलेल्या सायानो (कार्बन-नायट्रोजनच्या) गटामुळे त्याचा विद्युत द्विध्रुव लांब अक्षावरच पडतो, म्हणून हा आकडा इतका मोठा. दिशाभेद धन असला की रेणू क्षेत्राच्या दिशेला वळतात. ऋण असला की क्षेत्राला काटकोनात जातात.

थ्रेशोल्डला ‘उंबरठा व्होल्टेज’ म्हणा. काचेच्या पृष्ठभागानं रेणूंना धरून ठेवलेलं असतं आणि द्रवस्फटिकाची स्वतःची लवचिकता वळायला विरोध करते. त्या विरोधावर क्षेत्रानं मात केली की रेणू वळायला लागतात. रशियन भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक्स यांच्या नावानं हे संक्रमण ओळखलं जातं. यातली फार सुंदर गोष्ट अशी की हा उंबरठा थराच्या जाडीवर अवलंबून नसतो. तो फक्त लवचिकता आणि दिशाभेद यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरतो. ५सीबीसाठी तो पाऊण व्होल्टच्या आसपास येतो. मनगटावरचं घड्याळ इवल्याशा बटणसेलवर वर्षानुवर्षं चालतं, त्यामागे हेच कारण आहे : व्होल्टेज थोडं पुरतं आणि करंट जवळपास लागतच नाही.

म्हणूनच ‘वीज वाहू लागली की’ हे वाक्य काढा. रेणू वळतात ते क्षेत्रामुळे.

दुसरा प्रतिसाद

दुरुस्तीच्या कामातला अनुभव सांगतो, वर्गात करून दाखवण्यासारखा आहे. नवा डिजिटल मल्टिमीटर घ्या, बंदच ठेवा, आणि डिस्प्लेवरची प्लास्टिकची पातळ फिल्म झटकन सोलून काढा. काचेवर आकड्यांचे तुकडे काळे होऊन उमटतात, वेडेवाकडे, कुठे अर्धा आठ तर कुठे नुसता टिंब. काही सेकंदांत ते विरून जातात. बॅटरीचा संबंधच नाही. फिल्म सोलताना काचेवर स्थिर विद्युतभार बसतो, त्याचं क्षेत्र आतपर्यंत पोचतं आणि रेणू उभे राहतात. भार हळूहळू गळाला की अक्षरं जातात. कोरड्या हवेत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, हे जास्त ठळक दिसतं.

सुट्या एलसीडीच्या पिनांना बोट लावलं तरी पुसट आकडे येतात. घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा अंश अंगातून तिथे पोचतो आणि तेवढाही पुरतो.

तिसरा प्रतिसाद

जुन्या वाक्याची बाजू घेतो. ते सरसकट चूक नाही, जुनं आहे. १९६८ साली आरसीए या अमेरिकी कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटानं जो एलसीडी जगापुढे ठेवला, तो करंटवरच चालायचा. त्यात ऋण दिशाभेदाचं नेमॅटिक वापरत आणि वाहकता मुद्दाम राखत. आयन धावायला लागले की द्रवात खळबळ माजे आणि पारदर्शक थर दुधासारखा पांढुरका दिसे. शार्पचा १९७३चा खिशातला कॅल्क्युलेटर, ईएल-८०५, याच तंत्राचा. तुमचं टिपण त्या काळातल्या एखाद्या पुस्तकावरून उतरलं असावं. वाक्य ठेवायचंच तर ‘गतिज विखुरणीच्या डिस्प्लेत’ (या जुन्या तंत्राचं नाव डायनॅमिक स्कॅटरिंग) अशी सुरुवात करून ठेवा.

पुढे चित्र पालटलं. स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये शाड्ट आणि हेल्फ्रिश यांनी १९७०च्या अखेरीस पिळदार नेमॅटिकचं पेटंट मागितलं. अमेरिकेत फर्गसन यांचंही याच दिशेनं काम चालू होतं. दोन काचांमध्ये डायरेक्टरला ९० अंशांचा पीळ दिलेला असतो, प्रकाशाचं ध्रुवण (कंपनाची दिशा) त्या पिळासोबत फिरतं आणि प्रकाश पलीकडच्या ध्रुवकातून, म्हणजे एकाच दिशेचं कंपन जाऊ देणाऱ्या गाळणीतून, पार होतो. क्षेत्र लावलं की रेणू उभे राहतात, पीळ मोडतो, तेवढा भाग काळा होतो. इथे वाहकता नकोशी झाली.

प्रश्नकर्ता

आभार. मग एलसीडीला एसी का देतात? आणि ‘होल्डिंग रेशो’ला ‘धारणप्रमाण’ चालेल?

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर

एसीचं उत्तर शेंडा-बुडखा नसण्यात आहे. रेणूंवरचा परिणाम क्षेत्राच्या वर्गावर ठरतो, त्यामुळे धन-ऋण उलटलं तरी ते तसेच उभे राहतात. डीसीनंही आकडा उमटतो, पण थरातले थोडेफार आयन एकेका काचेकडे जाऊन साचतात, इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही काळानं डिस्प्ले कायमचा बिघडतो. मोठ्या पडद्यावर ‘आधीच्या चित्राची सावली राहते’ अशी तक्रार येते, तिच्यामागेही बहुधा असा साचलेला भार असतो.

‘धारणप्रमाण’ मात्र टाळा. कपॅसिटन्सला आपण धारिता म्हणतो. त्याच प्रकरणात ‘धारण’ आलं की मुलं गोंधळणार. ‘व्होल्टेज-टिकाव’ कसं वाटतं? कारण प्रश्न टिकण्याचाच आहे. सेकंदाला ६० चित्रं आणि १०८० ओळी असलेल्या पडद्यात एका ओळीच्या वाट्याला सुमारे १५ मायक्रोसेकंद येतात. तेवढ्यात पिक्सेल भरायचा, ट्रान्झिस्टर बंद, आणि पुढचे जवळजवळ १७ मिलिसेकंद तो भार टिकला पाहिजे. द्रवस्फटिकाची रोधकता १० चा १३ वा घात ओहम-सेंटीमीटर असेल तर भार गळायला नऊएक सेकंद लागतात, काही चिंता नाही. तीच ११ व्या घातावर आली आणि मदतीला साठवणीचा कपॅसिटर नसला, तर पुढचं चित्र येईपर्यंत सहावा हिस्सा व्होल्टेज उडून जातं. पडदा लुकलुकतो, करड्या छटा बिघडतात. मल्टिमीटरवरचे ते आकडे विरतात, तीच ही गळती.

याच कारणानं सायानो संयुगं टीएफटी (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा ट्रान्झिस्टर असलेल्या) पडद्यातून मागे पडली. त्यांचा दिशाभेद मोठा, पण तो सायानो गट आयनांनाही धरून ठेवतो. फ्लोरिनयुक्त मिश्रणांचा दिशाभेद कमी असला तरी ती शुद्ध राहतात, म्हणून तीच आली. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा गाभा हा आहे. त्याला निदान एक पान द्या.

दुसरा प्रतिसादक

उन्हात उभ्या गाडीतला डिस्प्ले सगळाच काळा पडतो आणि गार झाल्यावर पूर्ववत होतो. तोही दिशाभेदाचाच खेळ का?

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर

हो. ठरावीक तापमानाच्या वर नेमॅटिक अवस्थाच संपते. ५सीबी सुमारे ३५ अंशांना साधा द्रव होतं. गाडीतली मिश्रणं बरीच जास्त सोसतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. डायरेक्टर गेला की दिशाभेद शून्य. पीळही गेला, त्यामुळे एकमेकांना काटकोनात असलेल्या ध्रुवकांतून प्रकाश येत नाही आणि सगळंच काळं दिसतं. त्या तापमानाला पोचण्याआधी उंबरठा खाली येतो, म्हणून नको असलेले तुकडेही पुसट दिसायला लागतात. थंडीत उलट अडचण : चिकटपणा वाढतो आणि आकडे रेंगाळत बदलतात.

एक राहिलं. ‘ऋण दिशाभेद’ लिहिताना मुलांना तो दोष वाटू देऊ नका. बऱ्याच टीव्हींच्या व्हीए (व्हर्टिकल अलाइनमेंट) पॅनेलमध्ये ऋण दिशाभेदाचंच द्रवस्फटिक असतं. तिथे रेणू आधीपासून काचेवर उभे असतात, क्षेत्र लावल्यावर आडवे होतात आणि प्रकाश येतो. क्षेत्र नसताना प्रकाश जवळजवळ पूर्ण अडतो, म्हणून या पॅनेलचा काळा रंग इतका गडद दिसतो.