मदत हवी आहे: बारावी आणि डेल्फ ए-दोन परीक्षेसाठी फ्रेंचचा सखोल उजळणी वर्ग (फोंडा / पणजी)

नमस्कार.

माझी मुलगी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात बारावीला असून तिने दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली आहे. गोवा शालान्त मंडळाची परीक्षा फेब्रुवारीत आहे आणि त्यानंतर जे पहिले सत्र मिळेल त्यात तिला डेल्फची, म्हणजे फ्रेंच भाषेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची, ए-दोन पातळीची परीक्षा द्यायची आहे. पुढे गोवा विद्यापीठात फ्रेंचमध्ये एम. ए. करण्याची तिची मनापासून इच्छा आहे, त्यामुळे या दोन्ही परीक्षा आम्ही गांभीर्याने घेतल्या आहेत. नाताळच्या सुट्टीत सुरू होऊन बोर्डाच्या परीक्षेपर्यंत चालणारा, रोज दोन-तीन तासांचा उजळणी वर्ग मी तिच्यासाठी शोधत आहे.

तिचे वाचन चांगले आहे. उतारा दिला की उत्तरे ती बिनचूक शोधते. अडते ते लेखनात. शाळेत असताना मीही फ्रेंच शिकले असल्यामुळे पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका तिच्यासोबत बसून पाहिली, तेव्हा गुण कुठे गेले ते स्पष्ट दिसले. भूतकाळात 'आव्वार' हे सहायक क्रियापद घेणारी क्रियापदे ती बरोबर लिहिते. पण जाणे, येणे, निघणे, पोहोचणे अशी 'एत्र' हे दुसरे सहायक क्रियापद घेणारी क्रियापदे आली आणि कर्ता स्त्रीलिंगी असला, की शेवटी लागणारा जादा 'ई' जवळजवळ प्रत्येक वाक्यात राहून गेला होता, आणि अनेकवचनाचा 'एस'सुद्धा. मराठीत 'गेला' आणि 'गेली' यांतला फरक कानाला लगेच कळतो. फ्रेंचमध्ये या क्रियापदांचा उच्चार दोन्हीकडे तोच राहतो, त्यामुळे लिहिलेले मोठ्याने वाचून पाहिले तरी चूक हाती लागत नाही. ती कुणीतरी लाल शाईने दाखवावीच लागते. विद्यालयातील शिक्षिका तळमळीने शिकवतात, परंतु अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या धावपळीत प्रत्येकाचे लेखन तपासून परत देणे त्यांना शक्य होत नाही. म्हणून सगळे धडे पुन्हा पहिल्यापासून शिकवणारा वर्ग मला नको आहे. रोज लिहून घेणारा, लगेच तपासणारा आणि चुकलेले पुन्हा लिहायला लावणारा वर्ग हवा आहे.

दुसरी अडचण डेल्फच्या रचनेची आहे. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण अशा चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात आणि १०० पैकी ५० गुणांना विद्यार्थी उत्तीर्ण होतो. मात्र एका जरी भागात ५ पेक्षा कमी गुण पडले, तर बाकीच्या गुणांचा उपयोग होत नाही. लेखनात ४५ मिनिटांत किमान ६० शब्दांचे दोन मजकूर लिहायचे असतात, त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. चिंता श्रवणाची आहे, कारण आजवर तिच्या कानावर पडलेली फ्रेंच म्हणजे बहुतांशी तिच्या शिक्षिकांचा सावकाश, ओळखीचा आवाज.

पणजीत अलियाँस फ्रान्सेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे, परंतु ऐन परीक्षेच्या तोंडावर रोज कदंबाच्या बसने जाऊन-येऊन तिचे किती तास प्रवासात जातील याचा विचार करावा लागतो. फोंड्यातच घरगुती शिकवणी मिळाली तर वेळ वाचेल, पण एकट्या विद्यार्थिनीचा संभाषणाचा सराव तिथे कितपत होईल? ऑनलाइन वर्गांत लेखन खरोखर तपासले जाते का, हेही अनुभवी पालकांकडून समजून घ्यायचे आहे. आणि मुख्य प्रश्न असा, की एकाच उजळणी वर्गात बोर्ड आणि डेल्फ या दोन्ही परीक्षांची तयारी होऊ शकते का, की दोन्ही वेगळ्याच ठेवाव्यात?

प्रतिसाद

ताई, मी मडगावला बरीच वर्षे फ्रेंच शिकवले, त्या अनुभवावरून लिहितो.

फेब्रुवारीपर्यंत तयारी बोर्डाचीच ठेवा. लेखन आणि व्याकरण दोन्हीकडे लागते, त्यामुळे आता केलेली मेहनत डेल्फलाही उपयोगी पडेल. श्रवण मात्र आजपासूनच सुरू करावे, कारण कान तयार व्हायला वेळ लागतो आणि परीक्षेआधी दोन आठवडे घाई करून ते जमत नाही. त्यासाठी वर्गाची गरजही नाही. टीव्ही५माँद या फ्रेंच दूरचित्रवाहिनीच्या शिकवणीच्या संकेतस्थळावर पातळीनुसार छोट्या चित्रफिती आणि त्यांवरील प्रश्न विनामूल्य आहेत. रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलचे सोप्या फ्रेंचमधील दहा मिनिटांचे बातमीपत्र ए-दोनच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला जड जाते, ते नंतर घ्या. रोज एकच ध्वनिफीत घेऊन आधी नुसती ऐकायची, मग प्रश्न वाचून पुन्हा ऐकायची. परीक्षेतही ध्वनिफीत दोनदाच ऐकवतात.

वर्ग निवडताना दोन गोष्टी अवश्य विचारा. एक, सरावाला कोणत्या प्रश्नपत्रिका वापरतात. श्रवण आणि वाचन या भागांत आता पर्याय निवडण्याचे व जोड्या लावण्याचेच प्रश्न असतात. पूर्वी काही उत्तरे स्वतः लिहावी लागत आणि अजूनही कित्येक ठिकाणी तेच जुने संच चालतात. नव्या नमुन्याच्या प्रश्नपत्रिका डेल्फचे काम पाहणाऱ्या फ्रान्स एज्युकासियों अँतेरनासियोनाल या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात, त्या सोबत घेऊन जा. दुसरे, मागच्या एखाद्या विद्यार्थ्याची तपासलेली वही, नाव झाकून का होईना, दाखवता का असे विचारा. नुसती बरोबरची खूण आणि खाली सही दिसली, तर तो वर्ग तुमच्या कामाचा नाही. चूक अधोरेखित करून तिचा प्रकार समासात लिहिलेला असेल आणि खाली विद्यार्थ्याने तीच वाक्ये पुन्हा लिहिलेली असतील, तर शुल्क थोडे जास्त असले तरी द्या. ऑनलाइन वर्गालाही हीच कसोटी लावा.

संभाषणासाठी एकटी शिकवणी पुरेशी नाही. ए-दोनच्या तोंडी परीक्षेत स्वतःचा परिचय, एका विषयावर थोडे बोलणे आणि शेवटी परीक्षकासोबत एखादा प्रसंग निभावणे असते. उदाहरणार्थ, मित्रासाठी भेट काय घ्यायची ते दोघांनी मिळून ठरवायचे. या शेवटच्या भागात समोरच्याला प्रश्न विचारावे लागतात आणि नेमकी तिथेच आपली मुले गप्प होतात. फोंड्यातच डेल्फ देणारी दोन-तीन मुले जमवून एकत्र शिकवणी लावता आली, तर प्रवासही वाचेल आणि बोलायला जोडीदारही मिळेल. पणजीला जायचेच असेल तर ते बोर्डाची परीक्षा संपल्यावर, डेल्फच्या तयारीसाठी जावे, आणि नावनोंदणीची मुदत आत्ताच विचारून ठेवावी.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर, आपण इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभारी आहे. तपासलेली वही पाहायला मागण्याची सूचना फार मोलाची वाटली. मुलीच्या विद्यालयातील आणखी दोन विद्यार्थिनी डेल्फ देणार आहेत, त्यांच्या पालकांशी आजच बोलते. आता नेमके विचारायचे ते हे: फोंडा, कुर्टी किंवा बांदोडा परिसरात तीन मुलींना संध्याकाळी एकत्र शिकवू शकतील असे फ्रेंचचे शिक्षक कुणाच्या माहितीत आहेत का? असल्यास कृपया मला व्यक्तिगत संदेशातून कळवावे.