मदत हवी आहे : ‘टर्न अ ब्लाइंड आय’चा उगम

दिसत असूनही जाणूनबुजून दुर्लक्ष करणे, या अर्थाच्या ‘टर्न अ ब्लाइंड आय’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा उगम ब्रिटिश नौसेनापती होरेशिओ नेल्सनशी जोडला जातो. १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरील लढाईत त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. पुढे २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठ नौसेनापती हाइड पार्कर यांनी लढाई थांबवण्याचा निशाणी इशारा दिला, तेव्हा नेल्सनने त्याच डोळ्याला दुर्बीण लावून ‘मला इशारा दिसत नाही’ असे म्हटले आणि तोफांचा मारा चालू ठेवला, असे सांगतात. कथा इतकी चपखल आहे की शंका यावी. १८०१ पूर्वीच्या छापील इंग्रजी मजकुरात हा वाक्प्रचार कुणाच्या वाचनात आला आहे का? मूळ उतारा मिळाल्यास मी अत्यंत आभारी राहीन.